बिब्ब्यांचा सुतार

नाशिकला अंबडमध्ये आम्ही राहतो त्या खोल्यांच्या मागे एक नारळ आहे. शेंड्याकडून तो वाळत चालला आहे. सकाळी मुलगी कंपनीत गेली की त्याच्यावर सोनेरी पाठीचा सुतार येतो. येताना ओरडत येतो. डोक्यावर लाल तुरा, पाठ हळदीसारखी पिवळी. बुंध्याला बिलगून खालून वर चढत जातो. सुट्टीच्या दिवशी मुलगी घरी असली आणि तो आला की ती म्हणते, आई, तुझा सुतार आला. मी हो म्हणते. पण तो माझा नाही. तो सगळीकडे असतो. गावातल्या आंब्यावर असतो, रस्त्याच्या कडेच्या बाभळीवर असतो, इथे कारखान्यांच्या धुरातही असतो. माझा सुतार शहरात येत नाही. तो कुठे राहतो ते मला माहीत आहे आणि त्याबद्दलच मी हे लिहिते आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ही वही मुलीच्या शाळेतली उरलेली, मागची पानं कोरी होती. कुणाला दाखवायची नाही. मला बोलता येत नाही, लहानपणापासूनच नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की घसा सुकतो. लिहिताना तसं होत नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि ते त्या पाखरामुळे कळलं.

आमचं गाव सुरगाण्याच्या बाजूला, अगदी कडेचं. गावाखाली उतार, उताराखाली ओहोळ, ओहोळाच्या पलीकडे थोडं चाललं की गुजरातचं जंगल. भात आणि नागली निघाली की गावातली निम्मी माणसं द्राक्षबागांच्या कामाला जीपने जायची आणि होळीला परत यायची. एका वर्षी होळीच्या आधी परत येताना घाटात जीप उलटली. जीपमध्ये गावातली सतरा-अठरा माणसं होती. काहींना लागलं, एक गेला. तो मुलीचा बाप.

धाकटे दीर त्याच जीपमध्ये होते. त्यांना ताप होता म्हणून यांनी त्यांना आत बसवलं आणि स्वतः मागे लोखंडी शिडीला धरून उभे राहिले. हे मला दुसऱ्या बायकांनी सांगितलं. दिरांनी सांगितलं नाही. दीर महिनाभर लंगडत होते. त्यांचं घर आमच्यापासून दोन घरं सोडून, पण दिवसकार्य झाल्यापासून ते आमच्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. मी घरी नसताना येऊन सासूच्या हातात तांदूळ, शेंगा, कधी मासळी ठेवून जायचे. सासूला मी आत्या म्हणायचे. आत्या म्हणायच्या, पोरगा दारातून परत जातो, तू काही बोललीस का त्याला? मी काही बोलले नव्हते. राग होता की नाही तेही मला सांगता येणार नाही. दाताच्या दवाखान्यात सुई दिल्यावर गाल आपला राहत नाही, हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तशी मी त्या वर्षी होते.

मला आश्रमशाळेत स्वयंपाकाचं काम मिळालं. मुलगी त्याच शाळेत पहिलीला होती. मी आणि एक म्हातारी बाई, आम्ही दोघी दीडशे मुलांचं रांधायचो. भात, डाळ, कधी बटाटे. डाळीत मीठ घातलं की नाही ते मला आठवायचं नाही. म्हातारी चाखून बघायची आणि काही न बोलता घालायची, किंवा जास्त झालं असेल तर बटाटा कापून टाकायची. दुपारी दोनला भांडी झाली की मी निघायचे. घरी जायची वाट ओहोळावरून होती. तिथे मी अर्धा तास बसायचे. रडायला बसायचे असं नाही. बसले की उठायचं सुचत नसे.

बसायची जागा एका सादड्याखाली होती. सादडा म्हणजे ऐन. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी तडकलेली असते. हा सादडा जुना होता आणि अर्ध्याहून जास्त वाळलेला होता. आजूबाजूला साग आणि ओहोळाच्या काठाने बांबूची बेटं. त्या वाळक्या झाडाच्या एका फांदीला, बरंच वर, गोल भोक होतं. दोन रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं, कडा साफ, जणू सुतारकामातल्या किकऱ्याने पाडलेलं. भोकातून एक पाखरू डोकं बाहेर काढायचं आणि इकडेतिकडे बघून पुन्हा आत घ्यायचं.

मी ते पुष्कळ दिवस पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांसमोर होतं.

शाळेत त्या वर्षी विज्ञानाचे नवीन सर आले होते. नाशिक शहरातले, लग्न न झालेले, पहिलीच नोकरी. त्यांच्या गळ्यात दुर्बीण असायची. मुलं म्हणायची, सर पाखरं मोजतात. ते सगळ्यांनाच विचारत फिरायचे, इथे कुठली पाखरं दिसतात. एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन आम्हालाही विचारलं. म्हातारी चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाली, "सर, आम्हाला पाखरू रश्शात आलं की मगच ओळखता येतं." सर हसले. मी पाठ करून तांदूळ निवडत होते. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ताई, तुम्हाला? मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तेही नीट कळलं नसेल.

दुसऱ्या दिवशी मी वहीच्या कागदाचा तुकडा फाडला आणि लिहिलं. सर स्वयंपाकघराच्या पडवीत जेवायला बसायचे. त्यांच्या पाण्याच्या तांब्याखाली ती चिठ्ठी ठेवली. लिहिलं होतं ते मला अजून आठवतं. ओहोळाला एक सुतार आहे. चिमणीहून थोडा मोठा. काळा पांढरा. सोनेरी नाही.

जेवण झाल्यावर ताट उचलायला गेले तर चिठ्ठी तिथेच होती, खाली त्यांनी पेन्सिलने प्रश्न लिहिले होते. डोकं कसं आहे. शेपटी लांब की आखूड. बुंध्यावर बसतो की फांद्यांवर. लाल किंवा पिवळा रंग कुठे दिसतो का. प्रश्न चार होते, शाळेतल्या पेपरासारखे. चौथीनंतर मला कुणी पेपर दिला नव्हता.

त्या दिवशी मी सादड्याखाली बसले नाही. थोडी लांब, बांबूच्या आडोशाला उभी राहिले, म्हणजे ते घाबरणार नाही. आणि बघितलं. पाखराचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने मोठं होतं, मागे शेंडी. शेपटी एवढी आखूड की कापून टाकल्यासारखी. दोघं होते, जोडी. एकाचं कपाळ पांढरं, दुसऱ्याचं काळं. लाल कुठेच नाही. सोनेरी सुतार बुंध्यावर चढतो तसे हे चढत नव्हते. झाडांच्या शेंड्याला, अगदी बारीक डहाळ्यांच्या टोकाला जाऊन टुकटुक करायचे. खाली यायचेच नाहीत. हे सगळं मी लिहिलं.

सरांनी लिहिलं, कपाळ पिवळं नाही ना नक्की? पिवळं असेल तर तो मराठा सुतार, तो इकडे खूप. मी लिहिलं, पिवळं नाही. मग त्यांनी लिहिलं, पाठीवर पट्टे आहेत की ठिपके? हे बघायला मला तीन दिवस लागले, कारण पाठ दिसायची तेव्हा ऊन समोरून यायचं. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या कपाळाचं पाखरू, ती मादी हे नंतर कळलं, भोकाखाली उलटं चिकटलं आणि त्याची पाठ मला सरळ दिसली. पांढुरक्या पिसांवर काळे ठिपके, एका बाजूला गोल, एका बाजूला टोक. मी लिहिलं, ठिपके बिब्ब्यासारखे.

सरांनी खाली लिहिलं, बिब्बा कसा दिसतो?

शहरातल्या माणसाने बिब्बा पाहिलेला नसतो हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे पायाला भेगा पडल्या की बिब्ब्याचं तेल लावतात, बाळंतिणीला खाऊ घालतात, तान्ह्या मुलाच्या गळ्यात बांधतात. दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी लिहिली नाही, तांब्याखाली एक बिब्बाच ठेवला. थोड्या वेळाने पडवीतून मोठ्याने हसू आलं. म्हातारीने मला विचारलं, सरांना ठसका लागला का गं, पाणी नेऊन दे. मी नेलं नाही.

त्यानंतर सर पुस्तक घेऊन आले. जाड पुस्तक, पानोपानी पाखरं. एका पानात पळसाचं पान खुणेला घालून त्यांनी ते ताटाजवळ ठेवलं आणि हात धुवायला गेले. मी पान उघडलं. सगळे सुतार होते, दहा-बारा. मला वाटायचं सुतार एक किंवा दोन प्रकारचे असतील. सोनेरी लगेच ओळखला. पिवळ्या कपाळाचा मराठा दिसला. एक तांबडा होता, तो मुंग्यांच्या वारुळात घरटं करतो असं नंतर कळलं. आणि खालच्या कोपऱ्यात, सगळ्यांत लहान, माझा. शेंडी, आखूड शेपटी, पाठीवर बिब्बे. मी खिशातला बिब्बा त्याच्यावर ठेवला. पोलक्याला मी खिसा शिवून घेतला होता, चिठ्ठ्यांसाठी. सर परत आले, पुस्तकाकडे बघितलं आणि बिब्बा उचलून त्याखालचं चित्र बघितलं.

मग ते बोलले, म्हातारीला आणि मला, दोघींना मिळून. म्हणाले, याचं पुस्तकातलं नाव हृदयांकित सुतार. दाट ओलसर जंगल लागतं याला, साग, बांबू, जवळ पाणी. घरटं वाळक्या फांदीतच करतो, हिरव्या झाडात सहसा नाही. पलीकडे गुजरातमध्ये, डांगात तो आहे. अलीकडच्या बाजूला, आपल्या जिल्ह्यात, त्यांच्या वाचण्यात तरी कुणी लिहिलेलं नव्हतं. म्हातारीने विचारलं, हृदय म्हणजे? सर म्हणाले, ते ठिपके हृदयासारखे म्हणून. मी बकऱ्याचं हृदय पाहिलं आहे, कापलंही आहे. ते असं नसतं. बिब्बा असा असतो.

सर म्हणाले, उद्या संध्याकाळी जाऊन बघू. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना निरोप आला, नाशिकला पेपर तपासायला या, आजच. जीप फाट्यावर उभी होती. ते पिशवी खांद्याला लावून स्वयंपाकघराच्या दारात आले.

"ताई, मी सोमवारी येतो. मित्राचा कॅमेरा घेऊन येतो. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला हे कुठे लिहिता यायचं नाही. तोवर तेवढं झाड राहू द्या."

"राहील," मी म्हणाले.

त्यांच्याशी मी बोललेला तो पहिला शब्द. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

त्या दिवशी बुधवार होता. मला वाटलं, पाच दिवस, त्यात काय. पण ते दिवस सरपणाचे होते. पावसाळ्यासाठी लाकूड उन्हाळ्यातच जमवावं लागतं. आमच्याकडे चार महिने पाऊस थांबत नाही आणि ओल्या लाकडाने चूल पेटत नाही. शिमगा झाला की सगळं गाव ओहोळाकडे उतरतं आणि वाळकी झाडं शोधत फिरतं. त्या दुपारी मी गेले तर सादड्याच्या बुंध्यावर कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, मारल्याच्या दोन ताज्या खुणा होत्या. कुणीतरी ठोकून बघितलं होतं, किती वाळलंय ते. वर मादी भोकाशी होती. तिच्या चोचीत काहीतरी होतं आणि आतून बारीक आवाज येत होता. म्हणजे पिल्लं होती.

गावात एक रीत आहे. वाळकं झाड ज्याला आधी सापडलं त्याने त्याला खूण बांधायची. वाखाच्या दोरीचा वेढा, त्याला तीन गाठी, आणि गाठीत आपल्या घरातल्या कापडाची चिंधी. कापडावरून कळतं कुणाचं ते. लहान गाव, कुणाचं लुगडं कुठलं, कुणाचा सदरा कुठला, सगळ्यांना माहीत. खूण बांधलेल्या झाडाला दुसरा कुणी कुऱ्हाड लावत नाही. माझ्या आठवणीत कुणी लावलेली नाही, भांडण असलं तरी.

मी घरी गेले. लुगड्याची जुनी चिंधी शोधली, ती भाकरीच्या टोपलीत गेली होती. खुंटीवर यांचा निळ्या चौकटीचा सदरा होता, काखेत फाटलेला. त्याचा काठ फाडला. फाडताना काही वाटलं नाही. परत ओहोळाला जाऊन वेढा घातला, तीन गाठी मारल्या, चिंधी अडकवली. आता कुणी हात लावणार नाही असं मनाशी म्हटलं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी डाळीत मीठ बरोबर पडलं होतं, म्हातारी म्हणाली.

गुरुवारी झाड होतं. शुक्रवारी होतं.

शनिवारी मी सादड्याकडे गेलेच नाही. शाळेत तांदळाची पोती आली होती, ती मोजून घेता घेता उशीर झाला, म्हणून वरच्या वाटेने थेट घरी आले. अंगणात कुडाला लागून लाकडाची रास रचलेली होती. खाली जाड ओंडके, वर फोडलेली, सगळ्यांची साल वरच्या बाजूला म्हणजे पावसाचा शिंतोडा आला तरी आत मुरू नये. यांची रचायची पद्धत तशीच होती. दोघा भावांना त्यांच्या बापाने शिकवलेली. एक क्षण मला वाटलं, हे आले. नुसतं वाटलं, पुढे काही झालं नाही.

साल मगरीच्या पाठीसारखी होती.

आत्या दारात बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा मी वर्षभर पाहिला नव्हता तसा होता.

"आला होता. घरात आला गं. पाणी मागून प्याला." मग म्हणाल्या, "म्हणे, वहिनीनं दादाच्या सदऱ्याची खूण बांधली, मला लांबनं दिसली. आता तिला तोडून द्यायला कोण हाय? सकाळपासनं एकट्यानं तोडलं, एकट्यानं वाहिलं. त्या पायानं."

मी काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. खूण बायकाही बांधतात, पण तोडतात पुरुष. ज्या घरात पुरुष नाही त्या घराची खूण झाडावर दिसली तर तिचा अर्थ एवढाच होतो की माझं झाड इथे आहे, कुणीतरी तोडून द्या. मी झाड राखायला गेले आणि ते तोडायला हाक मारून आले. तीही त्यांच्या भावाच्या कापडाने.

राशीच्या बाजूला एक ओंडका वेगळा ठेवला होता, न फोडलेला. पोकळ होता. आत्या म्हणाल्या, तो कोंबडीला बसायला होईल म्हणून ठेवलाय त्यानं. मी तो उचलून घराच्या मागे नेला. भोक वरच होतं. कडेला एक पीस चिकटलेलं होतं. आत हात गेला नाही, मग काडी घातली. दोन पिल्लं होती. डोळे उघडलेले नव्हते, अंगावर पिसं नव्हती. मी ती शेवग्याच्या बुडाशी पुरली आणि वर दगड ठेवला, कुत्र्याने उकरू नये म्हणून. पीस कागदात घेतलं. पांढुरकं, मधोमध काळा बिब्बा. ते बोटांना किंचित चिकट लागत होतं आणि त्याला झाडाच्या डिंकासारखा चांगला वास होता.

मग ओहोळाला गेले. बुंधा उरला होता, गुडघ्याएवढा. भुसा पडला होता. निळी चिंधी दोरीसकट बाजूच्या दगडावर नीट ठेवलेली होती. जोडी अजून तिथेच होती. ते बांबूत ओरडत होते, आणि मध्येच एकजण उडून जिथे फांदी होती त्या जागेपर्यंत यायचा, तिथे काही नसायचं, आणि वळून परत जायचा. तसं तो किती वेळा करतो ते मी मोजलं नाही.

संध्याकाळी दीर आले. उंबऱ्याच्या आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. हातांना फोड आलेले दिसत होते.

"वहिनी, एवढं पुरंल का?"

"पुरंल."

"नाय पुरलं तर सांग. पलीकडं आणखी एक बघून ठेवलंय."

"नको भावजी. पुरंल."

आत्यांनी त्यांना बसायला सांगितलं. मी नागलीची भाकरी आणि उडदाचं घट्ट वरण वाढलं. ते तीन भाकरी जेवले. मुलगी शाळेच्या वसतिगृहातून शनिवारची घरी आली होती, ती त्यांच्या मांडीवर जाऊन बसली आणि इतके दिवस का आला नाहीस म्हणून विचारू लागली. ते म्हणाले, पाय दुखत होता. मी चुलीकडे तोंड करून बसले होते. त्यांना काय सांगणार होते मी? हे झाड मला पाखरासाठी हवं होतं असं? सांगितलं असतं तर ते उठले असते, आणि पुन्हा आले नसते.

सोमवारी सर आले. गळ्यात दुर्बीण होतीच, वर कॅमेऱ्याची पिशवी. जेवायला न थांबता ते दारात आले आणि म्हणाले, चला ताई, मुलांची सुट्टी होईपर्यंत बघून येऊ. म्हातारीने माझ्याकडे बघितलं. गावातलं सगळं तिला माहीत असायचं. मी चिठ्ठी लिहून खिशात ठेवली होती. ती काढायला हात गेला, पण नुसता कागद हातात देणं बरोबर वाटलं नाही.

"झाड नाही," मी म्हणाले. "तोडलं."

त्यांनी विचारलं, कुणी. मी पदराला हात पुसत राहिले. त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, उभं झाड होतं ते, त्यात घरटं होतं, वनरक्षकाला सांगायला हवं, कुणी तोडलं ते सांगा.

"मी. मीच खूण बांधली होती. मला सरपण हवं होतं."

"मी तुम्हाला सांगून गेलो होतो."

"हो."

मी कागद उलगडून पीस त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते दोन बोटांनी उचललं, उजेडात धरलं. बराच वेळ धरलं. हेच, असं हळू म्हणाले. मी त्यांना त्याचा वास घ्यायला सांगणार होते, पण तेवढं बोलणं उरलं नव्हतं. त्यांनी पीस वहीत ठेवलं, वही मिटली आणि पडवीतून उतरून गेले. वनरक्षकाला त्यांनी सांगितलं नाही. कुणी आलं नाही.

त्यानंतर तांब्याखाली कधी काही नसायचं. ते जेवायचे, ताट सरकवायचे, ताई बरं झालं होतं म्हणायचे आणि जायचे. त्यांनी वाईट वागणूक दिली असं नाही. एकदा म्हातारी मला म्हणाली, खरं का नाही सांगत त्याला, तो काय खाणार आहे तुझ्या दिराला? मी म्हणाले, काय खरं?

उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांची बदली झाली. जायच्या दिवशी त्यांनी पडवीत एक पोस्टकार्ड ठेवलं. कोरं, वर त्यांचा नवा पत्ता लिहिलेला. मागे पेन्सिलने एवढंच, पुन्हा दिसलं तर कळवा.

पावसाळाभर आम्ही ते सादड्याचं लाकूड जाळलं. चांगलं जळायचं, धूर कमी. आत्या रोज म्हणायच्या, बघ कसं लागतंय. पोकळ ओंडक्यात कोंबडी बसली आणि तिने सात पिल्लं काढली. दीर रोज यायला लागले. नदीला पाणी चढलं की मासे घेऊन यायचे, मुलीचे केस विंचरायला बसायचे, आणि ती ओरडायची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सरपणाच्या दिवसांत मी आणि दीर ओहोळाच्या बरंच खाली गेलो होतो, जिथे बांबू एवढा दाट आहे की वाकून जावं लागतं. ते पुढे कुऱ्हाड घेऊन, मी मागे दोर घेऊन. मला वरून ओळखीचा आवाज आला. मी थांबले. एका उंच सागाच्या टोकाच्या डहाळीला दोघं होते. एकाचं कपाळ पांढरं. तेच होते की दुसरे ते मला सांगता येणार नाही. त्यांच्या मागे एक वाळकं शिवणीचं झाड होतं आणि त्याच्या वरच्या फांदीत गोल भोक होतं, कडा साफ.

दीर परत आले. विचारलं, काय बघते? मी बोट दाखवलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. त्यांना दिसायला वेळ लागला, आधी ते बुंध्यावरच शोधत होते.

"हा सुतार? हे तर लय बारीक हाय."

"शेंड्याला बघा. बुंध्यावर येत नाही तो."

"शेपूट कुणी कापली त्याची?"

"तशीच असते. पाठ वळवेल आता. पाठीवर बघा."

मादी वळली. दीर बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच म्हटलं, बिब्बे हाएत की. मी हो म्हणाले. त्यांनी शिवणीच्या फांदीतलं भोक पाहिलं असावं, कारण त्यांची नजर तिथे गेली आणि थांबली. मग ती खाली माझ्याकडे आली. घरातला पोकळ ओंडका ते रोज बघत होते, त्याचं भोक त्यांना माहीत होतं. मी दुसरीकडे बघितलं.

कुऱ्हाड त्यांच्या खांद्यावर होती, ती त्यांनी खाली घेतली आणि पातं कापडात गुंडाळलं. म्हणाले, चल वहिनी, वरच्या अंगाला बघू, हितलं लाकूड काही चांगलं नाय. शिवणीचं लाकूड चांगलं असतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आम्ही वर चढून गेलो. त्या वर्षी आम्ही काट्याकुट्यावर पावसाळा काढला. चूल रोज धुरायची आणि आत्या दोघांना शिव्या द्यायच्या.

पोस्टकार्ड मी लिहिलं. सर, पुन्हा दिसले. जोडी आहे, घरटं आहे, जागा अमुक. मग ते पेटीत टाकायचं राहिलं. फाट्यावर पेटी होती, मी तिथून कितीदा गेले. ते कार्ड या वहीत आहे, पेन्सिलचं त्यांचं अक्षर आता पुसट झालंय. सर अजून त्याच पत्त्यावर असतील असं नाही.

दीर अजून गावात आहेत. दिवाळीला आम्ही जातो तेव्हा ते मुलीला चिडवतात, कंपनीतली बाई आली म्हणून. निघायच्या आदल्या दिवशी मला विचारतात, वहिनी, खाली यायचं का? मी कधी जाते, कधी नाही. गेले तर आम्ही बांबूच्या अलीकडे थांबतो आणि वर बघतो. शिवण मध्यंतरी पडली, वाऱ्याने. पण पलीकडे आणखी एक झाड वाळत चाललं आहे. त्याला मी काही बांधलेलं नाही, आणि दिरांनीही नाही.